दीर्घिकासमूहांची हौशी छायाचित्रे : एक परीक्षण

हौशी निरीक्षकांनी अंगणातल्या दुर्बिणीतून टिपलेली दूरच्या दीर्घिकासमूहांची छायाचित्रे आता सहज पाहायला मिळतात. त्यांचे कौतुक करावेच. पण वर्गात दाखवण्यापूर्वी ती पारखूनही घ्यावीत, असे आम्हांला वाटते.

अरुंधती केश तारकासमूहातील कोमा दीर्घिकासमूह घेऊ. त्यात हजाराहून अधिक दीर्घिका आहेत. त्यांचा प्रकाश सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी निघाला. तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉरही नव्हते. २० सें.मी. व्यासाचा आरसा आपल्या डोळ्याच्या ७ मि.मी. बाहुलीच्या सुमारे ८०० पट प्रकाश गोळा करतो. सारखेच १०० फोटो संगणकावर एकत्र केले, की खऱ्या प्रकाशाचे गोंगाटाशी असलेले प्रमाण १० पट सुधारते. इथवरचे काम उत्तम विज्ञान आहे.

आमचा आक्षेप पुढच्या सजावटीला आहे. पार्श्वभूमी काळीकुट्ट केली, की अंधुक दीर्घिका तिच्यात बुडतात. गोंगाट पुसणारी आज्ञावली त्याबरोबर खरे ठिपकेही पुसू शकते, तर रेखीवपणा आणणारी आज्ञावली धूसर दीर्घिकेला ताऱ्याचे रूप देते. या समूहाच्या गाभ्यात मुख्यतः म्हाताऱ्या ताऱ्यांच्या, पिवळसर दीर्घिका आहेत. चित्रात सगळीकडे निळाई दिसली, तर ती कोठून आली हे विचारायलाच हवे.

हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी याच समूहातील दीर्घिकांच्या वेगांवरून अदृश्य द्रव्याचे अनुमान केले. १९५८ साली जॉर्ज एबेल यांनी पालोमार सर्वेक्षणाच्या छायाचित्रांवरून २,७१२ समूहांची यादी प्रसिद्ध केली. समूह यादीत घ्यायचा की नाही, हे त्यांनी दीर्घिका मोजून ठरवले. ठिपक्यांवर विश्वास नसेल, तर मोजणीला अर्थ उरत नाही.

म्हणून चित्राखाली तारीख, आरशाचा व्यास, एक्स्पोजरचा एकूण वेळ आणि संगणकावर केलेले बदल नोंदलेले असावेत. अंतराचे मापही हवे. समूहातील एनजीसी ४८७४ आणि ४८८९ या दोन महाकाय दीर्घिकांमधले अंतर चंद्रबिंबाच्या व्यासाच्या साधारण पाव भाग आहे. तेवढे सांगितले तरी पुरे. शक्यतो पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली साधी प्रत घ्यावी. त्यात अंधुक दीर्घिका चटकन ओळखू येतात. तारे कोणते आणि दीर्घिका कोणत्या, हे विद्यार्थ्यांनीच पेन्सिलीने खुणा करून मोजावे. ज्या चित्रावर अशी मोजणी करता येते, ते दिसायला साधे असले तरी आम्ही त्यालाच पहिली पसंती देऊ.