यादी एकाची, खोडरबर दुसऱ्याच्या हाती

केंद्र आणि घटक यांच्यात कायदे करण्याचे अधिकार कसे वाटले आहेत, असं विचारलं की आपण लगेच याद्या काढतो. हा विषय केंद्राचा, तो राज्याचा, तिसरा दोघांचा. आज मी स्कॉटलंडची यादी घेऊन आलोय. पण टीका करायची आहे ती यादी वाचून सत्ता मोजता येते, या आपल्या समजुतीवर.

सुरुवात एका बाटलीपासून करू. सोड्याची रिकामी बाटली दुकानात परत देऊन डिपॉझिट घेतलेली मंडळी इथे असतीलच. स्कॉटलंडच्या संसदेने मे २०२० मध्ये नेमकी अशीच योजना मंजूर केली. पेयाच्या प्रत्येक बाटलीवर किंवा डब्यावर २० पेन्स अनामत. रिकामी परत करा, पैसे घ्या. प्लास्टिक, धातू आणि काच, तिन्ही त्यात होते. पर्यावरण हा विषय एडिंबराच्या संसदेचा, त्यामुळे अधिकाराचा प्रश्नच नव्हता.

पुढे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लंडनच्या संसदेने अंतर्गत बाजारपेठेचा कायदा केला. त्याचं मुख्य तत्त्व असं, की देशाच्या एका भागात जो माल कायदेशीरपणे विकता येतो, तो दुसऱ्या भागातही विकता आला पाहिजे. म्हणजे इंग्लंडमध्ये अनामतीशिवाय चालणारी बाटली स्कॉटलंडमध्येही चालणार! मग योजनेला अर्थ काय उरला? स्कॉटलंडला आता लंडनकडे सवलत मागावी लागली. मे २०२३ मध्ये ती मिळाली, पण अटींसह, आणि काच वगळून. जूनमध्ये एडिंबराच्या सरकारने योजना निदान ऑक्टोबर २०२५ पर्यंत पुढे ढकलली.

योजना निर्दोष होती असं मी म्हणत नाही. ती आधीही लांबली होती, व्यापाऱ्यांच्या तक्रारी होत्या. माझा मुद्दा वेगळा आहे. या सगळ्यात अधिकारांच्या यादीतून ‘पर्यावरण’ हा शब्द कुणीही काढला नाही. यादी जशीच्या तशी राहिली आणि अधिकार मात्र गेला.

हे शक्य कसं होतं? त्यासाठी मूळ कायदा बघू. सप्टेंबर १९९७ च्या सार्वमतात ७४ टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वतंत्र संसदेच्या बाजूने कौल दिला. १९९८ चा स्कॉटलंड कायदा आला आणि १९९९ मध्ये १२९ सदस्यांची संसद सुरू झाली. कागदावर ही रचना फार उदार आहे. परराष्ट्र, संरक्षण, चलन, स्थलांतर असे लंडनने राखून ठेवलेले विषय पाचव्या अनुसूचीत दिलेत. त्यात जे नाही, ते एडिंबराचं. आपल्याकडे बरोबर उलट आहे. कोणत्याच यादीत नसलेला विषय कलम २४८ प्रमाणे केंद्राकडे जातो. नुसत्या याद्या वाचल्या, तर स्कॉटलंड महाराष्ट्रापेक्षा जास्त स्वायत्त वाटेल.

पण त्या कायद्याचं २८ वं कलम वाचा. पहिल्या उपकलमात स्कॉटलंडच्या संसदेला कायदे करण्याचा अधिकार दिलाय. सातव्या उपकलमात म्हटलंय, की यामुळे स्कॉटलंडसाठी कायदे करण्याच्या लंडनच्या अधिकाराला बाधा येत नाही. एकाच कलमात देणंही आहे आणि राखणंही.

आपल्या इतिहासात यासाठी एक चांगला शब्द आहे. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा याच लंडनच्या संसदेने केल्या. त्यांच्या नियमांचं नावच होतं ‘डिव्होल्यूशन रूल्स’. मुंबई प्रांतात शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही मंत्र्यांकडची ‘सोपीव’ खाती. जमीन महसूल, पोलीस ही गव्हर्नरच्या हाताखालची ‘राखीव’ खाती. ‘सोपीव’ हा शब्द मला फार प्रामाणिक वाटतो. सोपवलेली वस्तू आपल्या मालकीची होत नाही. उत्तर आयर्लंडने हे अनुभवलंय. तिथली संसद १९२१ पासून पन्नास वर्षं चालली. मार्च १९७२ मध्ये लंडनने ती स्थगित केली आणि पुढच्या वर्षी रद्दच केली.

तुम्ही म्हणाल, लंडनने काही बंधन पाळलंच असेल ना? पाळलं. १९९८ मध्ये लॉर्ड सूएल यांनी सरकारतर्फे सांगितलं, की सोपीव विषयांवर लंडन ‘सामान्यतः’ स्कॉटलंडच्या संमतीशिवाय कायदा करणार नाही. हाच सूएल संकेत. २०१६ मध्ये तो थेट कायद्यात लिहिला गेला, त्या ‘सामान्यतः’सकट. स्कॉटलंडमध्ये अनेकांना वाटलं, आता पाया पक्का झाला. जानेवारी २०१७ मध्ये मिलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की हा राजकीय संकेत आहे, त्याची अंमलबजावणी करणं न्यायालयाचं काम नाही. कायद्यात लिहिलेलं, पण कोर्टात न चालणारं वचन!

त्याची परीक्षा ब्रेक्झिटमध्ये झाली. १५ मे २०१८ रोजी स्कॉटलंडच्या संसदेने युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या विधेयकाला ९३ विरुद्ध ३० मतांनी संमती नाकारली. लंडनने तरीही कायदा केला. परिस्थिती ‘सामान्य’ नव्हती, म्हणून. ती सामान्य आहे की नाही हे ठरवलं कुणी? लंडननेच.

यातला सगळ्यात बोलका प्रसंग मार्च २०१८ चा. ब्रेक्झिटनंतरच्या व्यवस्थेसाठी स्कॉटलंडने स्वतःचं विधेयक मंजूर केलं. लंडनच्या कायदा अधिकाऱ्यांनी ते सर्वोच्च न्यायालयात नेलं. निकाल येईपर्यंत लंडनचा स्वतःचा कायदा झाला, आणि स्कॉटलंडने हात लावायचा नाही अशा कायद्यांच्या यादीत त्याने स्वतःलाच घालून घेतलं. डिसेंबरमध्ये न्यायालय म्हणालं, की मंजूर झालं त्या दिवशी हे विधेयक एक कलम सोडून अधिकारात बसत होतं. पण आता त्यातला बराच भाग बसत नाही. सामना चालू असताना एका संघाने सीमारेषा आत ओढली, आणि पंचाला ती ग्राह्य धरावी लागली. पंचाचा दोष नाही. नियम तसेच होते.

दुसरी बाजूही मांडतो. समर्थक म्हणतात, एक देश म्हटला की एक बाजार हवा, आणि लंडनच्या संसदेतही स्कॉटलंडने निवडून दिलेले खासदार बसतात. हे खरं आहे. युरोपीय संघातही एकमेकांचा माल मान्य करण्याचं तत्त्व होतंच. पण तिथे पर्यावरणासारख्या कारणांसाठी अपवादाला बरीच जागा होती. नव्या कायद्यात ती खूप आक्रसली, आणि अपवाद द्यायचा की नाही हे लंडनचा मंत्री ठरवतो. त्याच्यासमोर इंग्लंडची बाजारपेठही असते. एका बाजूचा माणूसच लवाद झाला.

आपल्याकडे काय आहे? सातव्या अनुसूचीतल्या याद्या बदलायच्या तर कलम ३६८ प्रमाणे संसदेच्या विशेष बहुमताबरोबर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता लागते. जीएसटीची घटनादुरुस्ती महाराष्ट्रासह निम्म्याहून अधिक राज्यांनी मान्य केली, तेव्हाच ती झाली. मी याचे गोडवे गात नाही. आणीबाणीत, १९७६ साली, शिक्षण आणि वनं राज्यांच्या यादीतून समवर्ती यादीत गेली, तीही याच वाटेने. पण निदान राज्यांना हात वर करावा लागला. जबाबदारीची नोंद राहिली.

स्कॉटलंडसाठी मला किमान दोन गोष्टी हव्याशा वाटतात. संमती नाकारली गेली, तर ‘ही परिस्थिती सामान्य का नाही’ याचं लेखी कारण सरकारने संसदेत मांडावं, आणि त्यावर वेगळं मतदान व्हावं. याने लंडनचं सार्वभौमत्व जात नाही. फक्त ते वापरताना तोंड दाखवावं लागतं. आज एडिंबरातल्या मतदाराला काच कुणी काढली, उशीर कुणामुळे झाला, हेच कळत नाही. दोन्ही सरकारं एकमेकांकडे बोट दाखवतात. कुणाला मत द्यायचं आणि कुणाला पाडायचं हे मतदाराला ठरवता येत नसेल, तर संसद जवळ आणून उपयोग काय?

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही देशाची यादी समोर आली, की कुणाकडे किती विषय हे नंतर मोजा. आधी बघा, ती एकट्याने खोडण्याचा अधिकार कुणाला आहे.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.