सरकार न आलेलं शहर

मागच्या व्याख्यानात आपण 'वचन' या संकल्पनेपाशी थांबलो होतो. वचन फक्त व्यक्तीच देते का? शासन देतं त्याला काय म्हणायचं? आज हा प्रश्न आम्ही नवी मुंबईच्या आधारे तपासणार आहोत.

१९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' या नियतकालिकात एक योजना मांडली. मुंबई दक्षिण टोकाला तुंबते आहे, तेव्हा खाडीपलीकडे नवं शहर वसवा. आता बघा, लोक तिकडे का जातील? नोकऱ्या जातील म्हणून. आणि नोकऱ्या का जातील? राज्य सरकार आपला कारभार तिकडे नेईल म्हणून. सगळ्या युक्तिवादाची किल्ली ही होती.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली. पंचाण्णव गावांची जमीन योजनेत आली. पण त्याच दशकात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून कचेऱ्यांचे मनोरे उभे राहत होते. १९८१ मध्ये नव्या विधानभवनाचं उद्घाटन झालं, तेही तिथंच. मंत्रालय जागचं हललं नाही. बेलापूरच्या वाट्याला कोकण भवन आलं, म्हणजे विभागीय कचेऱ्या.

कुणी म्हणेल, शहर तर उभं राहिलं ना? राहिलं, आणि त्याचं श्रेय नाकारण्याचं कारण नाही. मात्र हललं कोण ते पाहा. कांदा-बटाट्याचे व्यापारी वाशीला गेले, लोखंडवाले कळंबोलीला. ज्यांना 'जा' म्हणता येत होतं ते गेले. 'जा' म्हणणारा राहिला.

कांटचं एक निरीक्षण इथं उपयोगी पडतं. कर्तव्य मोडताना माणसाला नियम रद्द व्हायला नको असतो, त्याला फक्त स्वतःपुरता अपवाद हवा असतो. विकेंद्रीकरण सर्वांसाठी आणि अपवाद सरकारसाठी, हा तसलाच प्रकार आहे. ही नियोजनातली चूक म्हणून सोडून देता येत नाही. आमच्या मते तो नैतिक दोष आहे.

त्याची किंमत कुणी मोजली? भातशेती आणि मिठागरं गमावलेल्यांनी. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जणांचे जीव गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना त्या लढ्यातून आली. शेतकऱ्याला जमीन 'सार्वजनिक प्रयोजनासाठी' मागितली होती. त्या प्रयोजनातला स्वतःचा वाटा सरकारनं उचलला नाही, पण जमीन मात्र घेतली. वचनाची एकच बाजू पाळली गेली, आणि तीही दुबळ्या पक्षानं.

म्हणून उद्या कुठंही नव्या प्रशासकीय नगरीचा आराखडा समोर आला, तर रस्त्यांची रुंदी आणि इमारतींची चित्रं आपण नंतर पाहू. आधी विचारू : मंत्र्याची खुर्ची तिकडे कोणत्या तारखेला जाणार? आणि शेतकऱ्याचा सातबारा त्या तारखेच्या आधी मागताय की नंतर?

पुढच्या वेळी इथूनच सुरुवात करू.