प्रवासी छायाचित्रातील व्यक्ती आणि तिचे नाव

प्रवासात भेटलेल्या अपरिचितांची छायाचित्रे कशी काढावीत, या प्रश्नाची चर्चा बहुधा शिष्टाचाराच्या पातळीवरच थांबते. संमती विचारावी, दोन शब्द बोलावे, प्रत पाठवावी इत्यादी सूचना निरुपद्रवी आहेत. परंतु चित्राचा अर्थ कोणी ठरवावयाचा, हा मूळ प्रश्न त्यांनी सुटत नाही. त्याचे उत्तर पुष्कळदा चित्राखालच्या ओळीत सापडते.

विल्यम जॉन्सन यांनी मुंबईचे रहिवासी व तेथे येणारेजाणारे यांच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील माणसे एका ठिकाणी टिपलेली, तर त्यांच्यामागील देखावे दुसऱ्याच ठिकाणचे. आकृती कापून त्यांवर बसविलेल्या आहेत. चित्रनामे जातीजमातींची. व्यक्ती नमुना म्हणून उभी राहिली की तिचे नाव अनावश्यक ठरते, आणि मग तिच्या पायाखालची जमीनही बदलता येते. वसाहतकालीन दृष्टी म्हणून हा प्रकार निकालात काढणे सोपे आहे. सामान्यनामाची ही सत्ता मात्र त्या काळाबरोबर संपली नाही.

स्टीव्ह मॅककरी यांनी १९८४ मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत टिपलेली मुलगी जून १९८५ च्या 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आली. चित्राची शक्ती नाकारण्याचे कारण नाही. मागची हिरवट भिंत, फाटक्या तांबूस शालीची चौकट आणि त्या चौकटीतून समोर रोखलेले हिरवे डोळे, ही रचना विलक्षण सावध आहे. तथापि जगाने तिला ओळखले ते 'अफगाण मुलगी' या सामान्यनामाने. मुखपृष्ठावरील ओळीने तर तिच्या डोळ्यांत निर्वासितांचे भय वाचून दाखविले. पुढे २००२ मध्ये तिचा शोध लागला. शरबत गुला हे तिचे नाव जगाला तेव्हा कळले. आपले ते चित्रही तिने तेव्हाच प्रथम पाहिले. छायाचित्र काढले गेले त्या क्षणाची तिची आठवण रागाची होती. माणूस अनोळखी होता, आणि त्यापूर्वी कोणी तिचे छायाचित्र काढलेले नव्हते. म्हणजे सतरा वर्षे वाचक ज्याला भय समजत आले, त्यात निदान काही अंश संतापाचा होता. ही चूक भिंगाची नव्हे. नजर काय म्हणते हे त्या नजरेच्या धनिणीला कोणी विचारले नाही, आणि तिच्या वतीने दुसऱ्यानेच बोलून टाकले.

मराठीतील क्रियापदे या संबंधाचे मोठे मार्मिक पृथक्करण करतात. 'तिचा फोटो काढला' या वाक्यात ती केवळ षष्ठीत उरते; कर्ता तर बोलूनही दाखवावा लागत नाही. 'तिने फोटो काढू दिला' म्हणताच ती कर्त्याच्या जागी येते, पण केवळ अनुमती देणारी म्हणून. 'तिने फोटो काढून घेतला' येथे मात्र कृतीचे प्रयोजन तिचे होते आणि छायाचित्रकार तिच्या कामाला येतो. शिष्टाचाराचे उपदेश दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचतात. तिसऱ्यापर्यंत जाण्याचा प्रयत्न फार थोड्यांनी केला.

त्या थोड्यांत सुसान मायझेलास यांची गणना करावी लागेल. १९७२ ते १९७५ या काळातील उन्हाळ्यांत त्या अमेरिकेतील फिरत्या जत्रांमागे हिंडल्या आणि तेथील तंबूंत विवस्त्र नृत्य करणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे त्यांनी काढली. १९७६ च्या 'कार्निव्हल स्ट्रिपर्स' या पुस्तकात त्या स्त्रियांचे ध्वनिमुद्रित बोलणेही छापले आहे. एवढेच नव्हे, तर व्यवस्थापक आणि गिऱ्हाइके यांचेही. एका प्रसिद्ध चित्राच्या नावात लीना हे नाव, तंबूबाहेरचा फळ्यांचा मंच, एसेक्स जंक्शन हे गाव व १९७३ हे वर्ष, इतके सर्व येते. विचारपूस केली की चित्रातील उत्स्फूर्तता मरते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. मायझेलास यांची चित्रे पाहिल्यावर तो टिकत नाही. उलट दीर्घ परिचयामुळेच त्यांना तंबूच्या मागील बाजूस, दमून बसलेल्या स्त्रियांपाशी प्रवेश मिळाला.

अर्थात नाव छापणे हे सर्वत्र हिताचेच असते असे नाही. शरबत गुला यांना २०१६ मध्ये बनावट ओळखपत्राच्या आरोपावरून पाकिस्तानात अटक झाली व त्यांना अफगाणिस्तानात परत धाडण्यात आले. ती बातमी जगभर गेली ती त्या जुन्या चित्रामुळेच. २०२१ मध्ये त्यांना इटलीने आश्रय दिला. ज्या निर्वासिताला आपल्या ठावठिकाण्याचे भय आहे, त्याचे नाव राखून ठेवणेच योग्य. परंतु ठाऊक असलेले नाव त्याच्या इच्छेने न छापणे आणि मुळात ते न विचारणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, जरी छापील पानावर दोन्ही ठिकाणी एकच रिकामी जागा दिसत असली तरी.