रक्त कुणाचं, खूण कुणाची?

गेल्या वर्षी सासूबाई आमच्याकडे नॉर्थ यॉर्कला आल्या होत्या. सातारा जिल्ह्यातल्या गावात ३५ वर्षं चुलीपुढे बसलेल्या. शेपर्ड अव्हेन्यूवरच्या बसस्टॉपपर्यंत जाताना दोनदा थांबायच्या. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सिगारेट किती ओढायचात?" सासूबाई हसल्या. मला मात्र हसू आलं नाही, कारण माझ्या क्षेत्रातले बरेच पेपरही हाच प्रश्न विचारतात आणि तिथेच थांबतात.

माझं क्षेत्र प्रोटिऑमिक्स. म्हणजे काय, तर रक्तातली शेकडो-हजारो प्रथिनं एकाच वेळी मोजायची आणि त्यांत आजाराची खूण, म्हणजे बायोमार्कर, शोधायचा. सीओपीडीसारख्या फुप्फुसाच्या जुनाट आजारात ही गरज खरी आहे. आज निदान होतं स्पायरोमेट्रीने: नळीत जोरात फुंकायचं आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते बघायचं. पण ही चाचणी बोलते ती नुकसान झाल्यावर. कुणाचं फुप्फुस झपाट्याने खालावणार, हे ती आधी सांगत नाही.

या शोधाची सुरुवात मोठी देखणी आहे. स्वीडनमधल्या माल्मोचे कार्ल-बर्टिल लॉरेल रुग्णांच्या रक्तातल्या प्रथिनांच्या सुमारे १५०० पट्ट्या तपासत होते. पाच पट्ट्यांवर एक रेघच गायब! स्टेन एरिक्सन या तरुण डॉक्टरासोबत त्यांनी त्या रुग्णांचा माग काढला. पाचपैकी तिघांना एम्फिसीमा होता. १९६३ साली दोघांनी पेपर छापला. गायब होतं ते अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. पांढऱ्या पेशींमधलं एक एन्झाइम फुप्फुस कुरतडतं, त्याला आवर घालणारं हे प्रथिन. आवर घालणारंच नाही, मग फुप्फुस झिजणारच. इथे खूण आणि कारण एकच होतं.

आजच्या पेपरांत हा धागा सुटलेला दिसतो. फायब्रिनोजन घ्या. अमेरिकेच्या एफडीएने २०१५ मध्ये सीओपीडीसाठी त्याला बायोमार्कर म्हणून मान्यता दिली, पण ती फक्त औषधांच्या चाचण्यांसाठी जास्त धोक्यातले रुग्ण निवडायला. निदानासाठी नाही, आणि ते बरोबरच आहे. हे प्रथिन यकृतात बनतं, शरीरात कुठेही दाह झाला की वाढतं. घरात धूर दिसतोय, पण आग कुठल्या खोलीत ते कळत नाही.

त्यात मोजणीही सोपी नाही. रक्तद्रवातल्या प्रथिनांत निम्म्याहून जास्त एकटं अल्ब्युमिन. फुप्फुसातून झिरपलेलं एखादं विरळ प्रथिन त्या गर्दीत शोधायचं, म्हणजे जत्रेत हरवलेलं पोर शोधण्यासारखं.

तरी माझी खरी तक्रार यंत्रांबद्दल नाही, नमुन्यांबद्दल आहे. २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये यूके बायोबँकचा मोठा पेपर आला: ५४,२१९ माणसं, २,९२३ प्रथिनं. अफाट काम आहे, आणि मीही तो डेटा वापरते. पण बायोबँकेतले ९० टक्क्यांहून जास्त लोक गोरे आहेत. धुराचा प्रश्न तिथे मुख्यतः तंबाखूचा. याउलट, पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं की, सीओपीडीच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. लाकूड-शेणीचा धूर झेलणारे तेव्हा जगात सुमारे ३०० कोटी होते, सिगारेट-विडी ओढणारे सुमारे १०१ कोटी.

मग बायोमार्कर कुणाच्या रक्तात शोधतोय आपण? सिगारेटवाल्यांत सापडलेली खूण चुलीवाल्यांत चालेल असं गृहीत धरणं हे विज्ञान नाही, आळस आहे. चालेलही कदाचित, पण तपासायला तर हवं. अल्फा-१ ची गोष्ट कितीही सुंदर असली, तरी तिच्यामागचा मुख्य जनुकदोष उत्तर युरोपीय वंशात जास्त आणि भारतात अगदी दुर्मीळ. सासूबाईंना तिचा उपयोग जवळजवळ शून्य.

तुमच्यापैकी काहीजण अशाच लॅबमध्ये असाल. पुढच्या वेळी "नवा बायोमार्कर सापडला" असा पेपर समोर आला की आधी पहिला तक्ता उघडा. माणसं कुठली? चुलीपुढे किती वर्षं, हा रकाना आहे का? वय आणि स्पायरोमेट्री यांपेक्षा ही प्रथिनं जास्त काही सांगतात का? दुसऱ्या देशातल्या रक्तात तीच खूण पुन्हा दिसली का? उत्तरं नसतील, तर जर्नल क्लबमध्ये हात वर करा.

सासूबाईंना शेवटी इनहेलर मिळाला, पण त्याआधी चुलीची गोष्ट मला मध्ये पडून सांगावी लागली. प्रत्येकीसोबत इंग्रजी बोलणारी सून असतेच असं नाही.