विषबाधा की उपासमार? : मत्स्य-विषशास्त्रीय शोधनिबंधांतील आहारनोंदीची चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांतून गोड्या पाण्यातील लहान माशांवर कीटकनाशके व जड धातू यांच्या परिणामांचा अभ्यास दीर्घकाळ होत आला आहे. रासबोरा डॅनिकोनियस, पुंटियस सोफोर, पेथिया टिक्टो (२०१२ पूर्वीचे नाव पुंटियस टिक्टो) हे या अभ्यासातील परिचित मासे होत. अशा निबंधांच्या ‘साहित्य व पद्धती’ या भागात रसायनाची मात्रा, पाण्याचे तापमान, सामू, विद्राव्य ऑक्सिजन यांचे आकडे मिळतात. आहाराविषयी मात्र बहुधा एवढेच कळते, की मासे स्थानिक जलाशयातून आणले, प्रयोगशाळेत रुळवले व त्यांना नियमित अन्न दिले. कोणते अन्न, किती, दिवसातून किती वेळा आणि माशांनी ते खाल्ले काय, याचा उल्लेख नसतो. ही उणीव केवळ लेखनातील नाही. तिच्यामुळे निष्कर्षांचीच विश्वसनीयता धोक्यात येते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

आहार : प्रयोगाचाच एक घटक

उपघातक मात्रेच्या १५ ते ३० दिवसांच्या प्रयोगांत यकृतातील ग्लायकोजेन व स्नायूंतील प्रथिने घटल्याचे नोंदवून ती घट रसायनाच्या नावे मांडली जाते. परंतु उपाशी माशाच्या यकृतातील ग्लायकोजेनही घटते, आणि उपासमार लांबली की स्नायूंतील प्रथिनेही खर्ची पडतात. खाणे मंदावणे हे तर विषबाधेचेच एक परिचित लक्षण आहे. नियंत्रण गटातील मासा पोटभर खात असेल आणि प्रायोगिक गटातील मासा अन्नाला शिवत नसेल, तर दोहोंतील फरक विषाचा किती व भुकेचा किती? याचे उत्तर मिळण्यासाठी तिसरा गट आवश्यक ठरतो. तो रसायनविरहित पाण्यात ठेवावा, पण प्रायोगिक गटाने आदल्या दिवशी खाल्ले तेवढेच अन्न त्यास द्यावे. असा गट नसताना ‘ग्लायकोजेन घटले’ एवढेच म्हणता येते. ‘कीटकनाशकाने ते थेट घटवले’ असे म्हणता येत नाही.

अन्नाचा प्रकारही तटस्थ नसतो. सांडपाण्याच्या गाळातून गोळा केलेल्या ट्यूबिफेक्स कृमींच्या शरीरात जड धातू साठलेले असू शकतात. असे अन्न खाणाऱ्या माशांवर कॅडमियमचा परिणाम अभ्यासणे म्हणजे नियंत्रण गटालाही अजाणता कॅडमियम देणे ठरू शकते. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशके सेंद्रिय कणांना चिकटतात. त्यामुळे टाकीत अन्न उरले, तर पाण्यातील मात्रा निबंधात लिहिलेल्या मात्रेहून कमी होते. शिवाय ते कुजून अमोनिया वाढतो.

९६ तासांच्या तीव्र चाचणीत अन्न दिले जात नाही, म्हणून तेथे हा आक्षेप लागू नाही, असे कोणी म्हणेल. परंतु ‘ओईसीडी’च्या २०३ क्रमांकाच्या चाचणीची १९९२ ची मार्गदर्शिका पाहावी. चाचणीपूर्वी मासे किमान १२ दिवस प्रयोगशाळेत ठेवावेत आणि रुळवण्याच्या सात दिवसांत १० टक्क्यांहून अधिक मासे दगावल्यास तो संपूर्ण साठाच नाकारावा, असे तीत म्हटले होते. चाचणीपूर्वीच्या संगोपनाला दिलेले हे महत्त्व आपल्या निबंधांत क्वचितच उमटते.

झेब्राफिशचा धडा

फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरील आपल्या १८२२ च्या ग्रंथात उपरोक्त तिन्ही माशांबरोबर झेब्राफिशचेही वर्णन केले होते. ओरेगॉन विद्यापीठातील जॉर्ज स्ट्रायसिंगर व सहकाऱ्यांच्या १९८१ च्या निबंधानंतर तो जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचला. त्याचे भाऊबंद मात्र अद्याप ओढ्यातून पकडूनच आणले जातात. त्यांचे वय, त्यांच्या अंगावरील परजीवी, शेतातून वाहून आलेल्या औषधांशी त्यांचा पूर्वसंबंध, यांपैकी काहीच ठाऊक नसते.

झेब्राफिश अंड्यापासून वाढविला जातो. सुमारे २८.५ अंश सेल्सिअस तापमानात दोन-तीन दिवसांत पिल्ले बाहेर पडतात आणि पाचव्या दिवसाच्या सुमारास ती खाऊ लागतात. तोंड अत्यंत लहान असल्याने प्रथम पॅरामेशियम वा रोटिफर व पुढे आर्टेमियाची नुकतीच जन्मलेली पिल्ले दिली जातात. आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यातील जीव असून त्याची सुप्त अंडी विकत घ्यावी लागतात. मात्र वाळल्या गवताच्या काढ्यात पॅरामेशियम वाढविणे हे आपल्या प्रात्यक्षिकांत नवे नाही. मोइनासारखे गोड्या पाण्यातील सूक्ष्म कवचधारीही सहज वाढविता येतात. तथापि झेब्राफिशचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलणे योग्य नव्हे; प्रत्येक जातीचे स्वतंत्रपणे ठरवावे लागेल. हे काम स्वयमेव प्रकाशनयोग्य संशोधन आहे.

निष्कर्ष

साधनांची टंचाई हे महाविद्यालयीन संशोधनाचे वास्तव आहे. परंतु आहाराची नोंद ठेवण्यास वही व तराजू पुरेसे आहेत. परीक्षकांनी निबंध स्वीकारण्यापूर्वी चार बाबींचा आग्रह धरावा : अन्नाचे नाव व उगम, शरीरभाराच्या प्रमाणात दैनिक मात्रा, न खाल्लेल्या अन्नाची नोंद आणि रुळवण्याच्या काळातील मरतूक. या निबंधांच्या आधारे आपण नद्यांच्या प्रदूषणाविषयी विधाने करतो. ती विधाने भुकेल्या माशांवर उभी असतील, तर माशांचे प्राण आणि विद्यार्थ्यांचे श्रम दोन्ही वाया जातात, आणि नदीविषयीही खात्रीने काही सांगता येत नाही.