सूत्र पाठ, ब्युरेट कोरडी

रसायनशास्त्राच्या खाजगी शिकवणीवर बोलताना बहुधा फीचाच हिशेब मांडला जातो. तो महत्त्वाचा आहेच. पण शिक्षकांनी आणखी एक हिशेब तपासायला हवा. या शिकवणीत रसायनशास्त्र किती असते?

रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडचे उदाहरण घेऊ. तेथून महाड सुमारे २५ किलोमीटर. पाचाडच्या मुलीने महाडला शिकवणी लावली तर घाटातला जाण्यायेण्याचा वेळ रोजचा. एवढे करून तिच्या हाती काय पडते, हे पाहण्यासाठी एकच घटक तपासू: अनुमापन.

शिकवणीच्या वह्यांतून एक सूत्र हमखास भेटते: पहिल्या द्रावणाची मोलारता गुणिले आकारमान बरोबर दुसऱ्याची मोलारता गुणिले आकारमान. सूत्र सोपे, उत्तर झटपट. आता ०.१ मोलार ऑक्झॅलिक आम्लाचे १० मिलिलिटर द्रावण घ्या. त्याच्या उदासिनीकरणाला ०.१ मोलार सोडियम हायड्रॉक्साइड किती लागेल? सूत्र सांगते १०. ब्युरेट सांगते २०. कारण ऑक्झॅलिक आम्लाचा एक रेणू दोन हायड्रोजन आयन देतो, म्हणून त्याला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन भाग लागतात. सूत्र खोटे नाही. ते एकास एक प्रमाणातच लागू पडते. ही अट वहीत सुटते आणि तिच्याबरोबर रसायनशास्त्रही सुटते. ज्याने फिनॉल्फ्थॅलिनचा फिका गुलाबी रंग विसाव्या मिलिलिटरला उमटताना पाहिला, तो ही अट सहसा विसरत नाही.

शिकवणीची बाजूही ऐकली पाहिजे. राज्याच्या सीईटीत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाला मिनिटभरही मिळत नाही. अशा परीक्षेला युक्त्या लागतात आणि त्या शिकवणारा शिक्षक काही गुन्हा करत नाही. वर्गात न कळलेले पुन्हा विचारायला जागा मिळते, हा लाभही खरा. परंतु बारावीच्या रसायनशास्त्राच्या १०० गुणांपैकी ३० प्रात्यक्षिकाचे आहेत. शिकवणी सरावाचे काम करते आणि प्रयोग कनिष्ठ महाविद्यालयावर सोपवते. महाविद्यालय मात्र मुले शिकवणीत शिकतातच असे गृहीत धरू लागले, तर प्रयोग दोघांच्या मधल्या फटीत पडतो. आमचा खरा आक्षेप या फटीला आहे.

केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, असे त्यांत म्हटले आहे. सूचना स्वागतार्ह आहे. पण वयाची अट घातल्याने प्रयोगशाळेचे कुलूप उघडत नाही.

महाडच्या बाबतीत हे अधिक खटकते. तेथील औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. कच्चा माल, तयार माल आणि सांडपाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पर्यायाला खूण करून भागत नाही. तेथे मोजणारा हात लागतो. सावित्रीच्या पाण्याबद्दल प्रश्न विचारणाऱ्या गावकऱ्यालाही तपासणीचा आकडा कसा निघाला हे कळायला हवे. प्रयोग न केलेला विद्यार्थी दोन्ही ठिकाणी बाहेरच राहतो.

शाळेतल्या शिक्षकाने सुरुवात कोठून करावी? पानाच्या चुन्याची निवळी ५ मिलिलिटर घ्या, तीत चिमूटभर हळद टाका. ती लाल होईल. लिंबाचा रस दहापट पातळ करून थेंबाथेंबाने सोडा आणि लाल रंग जाऊन पिवळा येईपर्यंत थेंब मोजा. साधारण चाळीसच्या आसपास लागतात. लिंबागणिक आकडा बदलेल. मग निवळी दुप्पट घ्या आणि थेंब किती लागतील, ते मुलांना आधी सांगायला लावा. चुना डोळ्यांत जाणार नाही, एवढी काळजी घ्या.

यासाठी ब्युरेट लागत नाही, फीही नाही. प्रमाण म्हणजे काय, हे मात्र मुलांना स्वतःच्या हाताने कळते. इतके झाल्यावर शिकवणीतले सूत्र जरूर पाठ करावे. तेव्हा त्याची अट विचारणारा विद्यार्थी वर्गात बसलेला असेल, आणि चांगल्या शिकवणीलाही असाच विद्यार्थी हवा असतो.