तांड्यावरची होळी

काळ हेच जिचे द्रव्य आणि उघडी जागा हाच जिचा रंगमंच, अशा एका कलाप्रकाराची पाश्चात्त्य जगात पुष्कळ चर्चा होते. २०१० साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात मारिना अब्रामोविच ही कलावती सुमारे तीन महिने, संग्रहालय उघडे असेल तितका वेळ, खुर्चीवर निःशब्द बसून राहिली. समोरच्या खुर्चीत येईल त्याने बसावे, एवढाच तो प्रयोग. नट व प्रेक्षक यांच्यामधील रेषा पुसावी, हा अशा प्रयोगांचा हेतू होय.

ही हकीकत वाचून प्रस्तुत लेखकास वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्याचे स्मरण झाले. पोहरादेवीच्या परिसरात बंजाऱ्यांचे तांडे आहेत. त्यांच्या होळीत ती रेषा मुळी ओढलेलीच नसते. नायकाच्या संमतीने उत्सवास आरंभ होतो. होळी पेटते ती सायंकाळी नव्हे, पहाटे. डफाच्या तालावर लेंगी सुरू होते आणि स्त्रीपुरुषांचे थवे पदांतून एकमेकांस डिवचू लागतात. वर्षभरात ज्या घरी पुत्र जन्मला, तेथे धुंड होते. खाद्याने भरलेले भांडे खुंटांस बांधून स्त्रिया काठ्या घेऊन ते राखतात. पुरुष ते पळवू पाहतात, आणि काठीचा मार लटका नसतो. पाहुणा म्हणून कडेला उभ्या असलेल्या मलाही दोनदा मागे सरावे लागले. तिसऱ्यांदा फाग देण्यासाठी खिशात हात घालावा लागला. मी प्रेक्षक उरलो नव्हतो.

यावर कोणी म्हणेल, हा विधी झाला, कला नव्हे. परंतु ज्या पदाचे उत्तर ऐनवेळी सुचावे लागते, आणि न सुचल्यास साऱ्या तांड्यापुढे हसे होते, तेथे प्रतिभेची कसोटी नाही असे कसे म्हणावे? भेद आहे तो निराळाच. संग्रहालयातील प्रेक्षक खुर्चीवरून उठून घरी जातो. तांड्यावर प्रयोग हाच घर असतो. पोटासाठी मुंबई-पुण्याकडे गेलेली माणसे होळीला परततात, ती पाहण्यासाठी नव्हे, त्यात असण्यासाठी.

म्हणूनच स्नेहसंमेलनात वा सरकारी समारंभात दहा मिनिटांची लेंगी बसवितात, तेव्हा आरसेजडित पोशाख उरतो, कला उरत नाही. पहाटेचा गारवा, दमलेले पाय, भांड्यासाठी झालेली ओढाताण, ही काढून टाकल्यावर गाण्यास कारणच राहत नाही.

तथापि या कलेचा गौरव डोळे मिटून करणे हेही टीकाकाराचे काम नव्हे. परंपरेने धुंड होते ती पुत्राची. ज्या स्त्रिया एवढ्या त्वेषाने भांडे राखतात, त्यांच्या स्वतःच्या जन्मी खुंट रोवले गेले नव्हते. हे व्यंग लहान नाही. मात्र ते दूर केल्याने कलेस धक्का बसणार नाही. कन्येच्या अंगणातही तीच काठी तशीच चालेल. कलेत कोणास सामील करून घ्यावे, हे वाढविता येते. तिला लागणारा वेळ मात्र तोडता येत नाही. सुधारक आणि संयोजक यांच्या हातून नेमके याच्या उलट होऊ नये, एवढीच इच्छा.